चौथी गाठ

एका राज्यात राजाचे सगळे चाकर नाडीचे होते. हसायचं काम नाही! लांबच लांब मंतरलेली नाडी घ्यायची, बरोबर घड्या घालायच्या, की झाला पाणक्या, झाला पहारेकरी. घड्या घालायची ठकी. तिच्या हाताला तोड नव्हती, आणि हे तीच सगळ्यांना सांगायची.

राजा मायाळू. चाकर बिघडला की म्हणायचा, “मोडू नका रे, लागेल कधीतरी!” आणि टाकायचा कोठारात.

एकदा एका जादूगाराला जेवणात मीठ कमी पडलं. त्याने शाप दिला, “तापाल! लाडकं मोडाल तेव्हाच ताप उतरेल!” राज्य तव्यासारखं तापलं. चाकरांच्या घड्या सुटल्या, जो तो दुसऱ्याला चिकटला. कोठारातलेही येऊन चिकटले आणि मुदपाकखान्याच्या दारात डोंगराएवढा गुंता बसला. चूल आत, उपाशी राज्य बाहेर.

ठकीच्या खांद्यावरची शहाणी साळुंकी म्हणाली, “ठके, तीन कामं. सावरतील त्यांना धरून सावर. उरलेल्यांना चार गाठी मार. गाठीवाले वाड्यामागच्या जादूच्या चक्कीत घाल.”

“चारच का?”

“तीन गाठींना ती तोंड उघडत नाही. चोचले आहेत तिचे.”

राजा आडवा आला. “माझे चाकर दळणार?”

“महाराज, कोठारातलं आजवर काय लागलं?”

राजाच्या पोटानेच गुरगुरून उत्तर दिलं. राजा बाजूला झाला.

ठकीने गार तळव्यात धरून निम्मे सावरले. उरलेल्यांना गाठी मारल्या. चक्कीने त्यांना गिळलं आणि नाडीचे कोरे तुकडे बाहेर टाकले.

शेवटी दारात उरला गोंदा पाणक्या. ठकीने घडवलेला पहिला, सगळ्यात लाडका चाकर. तिने तीनदा घडी घातली, तीनदा सुटली. तिने तीन गाठी मारल्या. चौथीला हात थांबला. तसाच चक्कीपाशी नेला. चक्की ढिम्म.

“ठकूताई,” गोंदा म्हणाला, “माझी पहिलीच घडी तू उलटी घातलीस. जन्मभर लंगडलो.”

“मग बोलला का नाहीस, मेल्या?”

“तुझी बढाई गेली असती. मार आता चौथी.”

तिने डोळे पुसले आणि मारली.

चक्कीने तोंड उघडलं, त्याला गिळलं आणि तुकडे बाहेर टाकले. ताप उतरला, दार मोकळं झालं. त्याच तुकड्यांची नाडी जोडून ठकीने नवा पाणक्या घडवला, पहिली घडी दहादा तपासून. तो घागर घेऊन ताठ चालत आला, आणि ठकी मात्र बराच वेळ त्याचं लंगडणं शोधत राहिली.

राजाने कोठाराला झाडू मारला. चूल पेटली, राज्य जेवलं. तुमचंही ताट थांबलं असेल, पळा.