सैल दोर

चंद्रवती नगरीवर राजा महासेन राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वांनी नावाड्याच्या घरी जन्म घेतला होता. नाव सुबाहू. साऱ्या घाटावर होडी एकच. ती सुबाहू आणि त्याचा धाकटा भाऊ उदय चालवीत.

उदयची बायको पद्मा बाळंतपणाला पैलतीरी माहेरी गेली होती. सकाळी निरोप आला, की तिला कळा सुरू झाल्या आहेत आणि मूल आडवं आहे. उदय सुईणीला घेऊन घाटावर पोचतो न पोचतो, तोच डोंगरातलं पाणी आलं आणि नदी फुगली. होडी वाहून जाऊ नये म्हणून त्याने ती खुंटाला आखूड, घट्ट बांधली. पाणी चढलं, दोर काही वाढेना, आणि होडीचं नाक बुडू लागलं. झालं! उदयने कुऱ्हाड उचलली.

"दोर तोडतो आणि जातो! मेलो तर मेलो!"

"आणि सुईणीला कोण नेईल?" सुबाहूने त्याचा हात धरला. "तग धर, उदय."

"माझं माणूस तिकडे मरतंय, आणि मी हातावर हात धरून बसू?"

"बस कोण म्हणालं? पाणी चढेल तसा दोर सोड. टोक मात्र सोडू नकोस."

सुबाहूने गाठ सोडून दोराचा वेढा झाडाला घातला. दोघे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून दोर हळूहळू सोडू लागले. उदयचे तळहात सोलले. एक भलामोठा ओंडका वाहत आला. होडी दोरावर झुलून बाजूला झाली आणि ओंडका निघून गेला. उदयला रडू फुटलं, पण टोक त्याच्या हातातच होतं.

दिवस कलता पाणी उतरलं. तिघे पार गेले. पद्मा अजून झुंजत होती. सुईणीने मूल फिरवलं, आणि दिवेलागणीला घरात बाळाचं रडणं ऐकू आलं.

"इतका वेळ कसा गं तग धरलास?" उदयने विचारलं.

"कळ आली की अंग सैल सोडायची," पद्मा म्हणाली. "आस तेवढी सोडली नाही."

उदयने आपले सोललेले हात पाहिले.

ही कथा सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, "तेव्हाची पद्मा म्हणजे आजची ज्येष्ठ भिक्खुणी, थेरी सुजाता. उदय म्हणजे हा भिक्खू धम्मिल, जो साधना जमत नाही म्हणून आज घरी निघाला आहे. आणि सुबाहू मीच होतो. लोक ज्याला तग धरणं म्हणतात, तीच क्षांती पारमिता, सहनशीलतेची पूर्णता."

धम्मिलाने खांद्यावरची झोळी उतरवली आणि तो पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला.