मठातली एकुलती सुरी

"तो मला मुजरा का करत नाही, बाबा?"

राजानं मठाच्या दारातूनच विचारलं. युरोपातला तो डोंगराळ देश नुकताच स्वतंत्र झाला होता. राजा पहिलाच, जेमतेम विशीतला, दूरदेशीच्या राजघराण्यातून आणून बसवलेला.

मठातले म्हातारे साधू, बाबा अनास्तास, चुलीपुढे बसले होते.

"कोण?"

"लाझार. तो बंडवाला."

"त्या बंडानंच तुम्हाला गादी मिळाली, पाहुणे."

"पाहुणा नाही मी. राजा आहे!"

"असाल... बसा."

राजा बसला. मागे त्याचा अंगरक्षक उभा राहिला.

"राज्याभिषेकाला त्यानं आपण होऊन मला तलवार दिली. मी ती मानानं दरबारात भिंतीवर लावली. दुसऱ्या दिवसापासून तो बोलतच नाही. लोक त्याचं बघून मान फिरवतात. राजद्रोह म्हणून मी त्याला फाशी सुनावली. आज संध्याकाळी आहे... सकाळी त्यानं तुमच्यापुढे पापं कबूल केली. काय म्हणाला?"

"ते त्यानं देवाला सांगितलं. तुम्हाला नाही."

बाबांनी पाव पुढे ठेवला. कमरेची सुरी काढली, पातं स्वतःच्या मुठीत धरलं आणि मूठ राजापुढे केली.

अंगरक्षकाचा हात पिस्तुलावर गेला.

"पाव कापा," बाबा म्हणाले.

राजानं पाव कापला. सुरी मागे उभ्या अंगरक्षकाकडे दिली. त्यानं ती आपल्या पट्ट्यात खोचली.

बाबांनी हात पुढे केला. तसाच ठेवला...

"जेवत का नाही?" राजानं विचारलं.

"मठात सुरी एकच आहे."

राजा हसला. "दुसरी पाठवतो. चांदीच्या मुठीची."

बाबा हसले नाहीत. "आमच्याकडे घरधनी पाहुण्याला आपली सुरी देतो. मुठीकडून. पाहुणा पाव कापतो, आणि..."

बाबांनी रिकामा तळहात आणखी पुढे केला.

राजाचा चेहरा उतरला.

"लाझारनंही पातंच धरलं होतं. बोटांतून रक्त येत होतं... मला वाटलं, म्हातारा आहे, हात घसरला."

"महाराज, ऊन उतरलं," अंगरक्षक म्हणाला. "तिकडे फाशीसाठी वाट बघत असतील."

राजानं त्याच्या पट्ट्यातली सुरी ओढून घेतली, बाबांपुढे धरली. टोक बाबांकडे होतं.

बाबांनी घेतली नाही.

राजानं सुरी फिरवली. पात्यावर बोटं मिटली.

बाबांनी सुरी घेतली. पावाचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

राजा तुकडा हातात घेऊनच उठला. "घोडे आणा! आधी फाशी थांबवा."

दारात तो अडखळला.

"बाबा... लाझार ती परत घेईल?"

"तलवार जड असते, बाळा. दोन्ही हातांनी धर."