महाराजांना पुळणीवर ढकलणारा गादा

पूर्वी शूर्पारक बंदरावर पृथुसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने त्याच बंदराबाहेरच्या समुद्रात गाद्यांचा नायक म्हणून जन्म घेतला होता. गादा म्हणजे आपण आज ज्याला डॉल्फिन म्हणतो तो. गाद्याचे पिल्लू जन्मते पाण्यात, पण श्वास घेते हवेत. म्हणून पहिल्या श्वासासाठी आई त्याला खालून वर ढकलते. बोधिसत्त्वाला ही एकच विद्या येत होती आणि ती त्याने पिलांपुरती ठेवली नव्हती. पुरात वाहून आलेली बकरी, जाळ्यात गुरफटलेले कासव, ताडी पिऊन होडीतून कलंडलेला कोळी, जो कोणी बुडताना दिसेल त्याला तो ढकलीत ढकलीत पुळणीवर आणून टाकी आणि मागे वळून न पाहता निघून जाई.

त्या नगरात शंखिल नावाचा राजघोषक होता. जातीचा कोळी, आणि आवाज असा की तो बाजारात बोलला तर गलबतावरचे खलाशी माना वळवीत. राजवाड्यातून जे सांगितले जाई ते चव्हाट्यावर ओरडायचे, हे त्याचे काम. घोषकाने मोठ्याने बोलावे असा नियम होता. खरे बोलावे असा कुठे नव्हता, आणि शंखिलानेही तो कधी शोधला नव्हता. घर नीट चालले होते.

श्रावणात सागरपूजेचा दिवस आला. राजा नावेतून खोल पाण्यात गेला. अंगावर एवढे दागिने की नाव एका बाजूला कलली होती. समुद्राला नारळ अर्पण करायला तो वाकला. नारळ गेला, आणि नारळामागोमाग महाराजही गेले.

नावेवर सारा दरबार होता, पण कोणी हलले नाही. कारण शूर्पारकात कायदा होता: राजाच्या अंगाला स्पर्श करण्याचा अधिकार राणी, राजवैद्य आणि न्हावी या तिघांनाच. चौथ्याने हात लावला तर हात तोडायचा. अमात्य विधिधर या कायद्याचा मोठा जाणकार होता. त्याने शांतपणे विचारले, "राणीसाहेब आणि वैद्य वाड्यावर. न्हावी कुठे आहे?"

"किनाऱ्यावर, अमात्य."

"त्याला बोलावून घ्या."

"त्याला पोहता येत नाही."

"त्याच्या पोहण्याबद्दल कायदा काही म्हणत नाही."

तेवढ्यात राजाचे डोके वर आले. "वाच—" म्हणाला आणि पुन्हा आत गेला.

"महाराज काही आज्ञा देत आहेत," विधिधर म्हणाला.

"वाचवा म्हणत असतील," शंखिल पुटपुटला.

"असतील! अंदाजावर राज्य चालत नाही, शंखिला. वाक्य पूर्ण होऊ दे."

शंखिल लहानपणापासून पोहत आला होता. त्याने एकदा पाण्याकडे पाहिले, एकदा स्वतःच्या मनगटाकडे, आणि तो जागचा हलला नाही.

बोधिसत्त्वाला कायदा ठाऊक नव्हता. त्याने खालून राजाला उचलले, मग मागून तोंड लावले आणि जोरात ढकलायला सुरुवात केली. शूर्पारकाचा अधिपती लाटांवरून पोटावर सरकत पुळणीवर आला, मुकुट एका कानावर, तोंडात वाळू, आणि पार्श्वभागी गाद्याचे तोंड. मासळी वाळत घालणाऱ्या बायका आधी घाबरल्या. राजा खोकला तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला, आणि मग मात्र त्यांना हसू आवरेना.

संध्याकाळी शंखिल चव्हाट्यावर उभा राहिला. "ऐका हो ऐका! महाराजांनी आज स्वतः समुद्रात उतरून तळाची पाहणी केली. तळ समाधानकारक आहे!"

गर्दीतून कुवली नावाची म्हातारी कोळीण ओरडली, "काय रे शंखिला, मग ते बोंबलत होते ते कुणाला? तळाला?"

बाजार हसून लोटपोट झाला. ते हसू राजवाड्यापर्यंत ऐकू गेले. खोटे उघडे पडले की खोटे बोलणारा शरमत नाही, तो साक्षीदारावर उलटतो. विधिधराने दुसऱ्याच दिवशी निकाल दिला: गाद्याने परवानगीशिवाय राजदेहाला स्पर्श केला, तोही नको तिथे. हात नसल्यामुळे हात तोडता येत नाही, सबब देहदंड. राजाला ते पटले नव्हते, पण हसू त्याच्या कानात अजून घुमत होते. त्याने मान डोलावली. शंखिलाने शिकारीच्या नावेवर जावे आणि गादा मरताच तिथूनच विजयाची घोषणा करावी, असेही ठरले.

घरी त्याच्या बायकोने, उत्पलेने, ताट वाढले आणि ती समोर बसली.

"अहो, तुम्हाला पोहता येतं ना?"

"येतं. उडी मारली असती तर हात गेला असता."

"हं. म्हणजे ज्याला हात नाहीत तो जिवानिशी जाणार आणि तुमचे दोन्ही शाबूत. जेवा. भात कालवायला उपयोगी पडतील."

शंखिल ताटावरून उठला.

सकाळी विधिधराला आणि शंखिलाला घेऊन नाव निघाली. पाण्याखाली इतर गाद्यांनी बोधिसत्त्वाला सांगितले, "नायका, हा अमात्य तोच, ज्याने राजाला बुडू दिले. आज भाला घेऊन आला आहे. आपण खोल जाऊ या."

"तुम्ही जा, पिलांना न्या," बोधिसत्त्व म्हणाला. "ती नाव एका बाजूला कलली आहे. कुणीतरी पडणार."

पहिला भाला विधिधराने मारायचा होता. भाल्याचा दोर नावाडी डोलकाठीला बांधू लागला.

"थांब!" विधिधर कडाडला. "राजशस्त्र अधिकाऱ्याच्या देहापासून अलग होता कामा नये. दोर माझ्या कमरेला बांध."

"अमात्य, दोर काठीला बांधतात हो."

"काठीला हुद्दा आहे का?"

काठीला हुद्दा नव्हता. दोर कमरेला बांधला गेला.

भाला बोधिसत्त्वाच्या पाठीत शिरला. वेदनेने तो खाली गेला, दोर ताणला गेला, आणि अमात्य विधिधर हुद्द्यासकट नावेवरून उडाला. कमरेची गाठ ओली होऊन आवळली. आता ती त्याला एकट्याला सुटणे शक्य नव्हते. गादा अजून थोडा खोल गेला असता तर त्याचा वैरी संपला असता. हे बोधिसत्त्वालाही कळले. पण वर कोणीतरी बुडत होते, आणि त्याला दुसरे काही येत नव्हते. तो उलटा फिरला, भाल्यासकट वर आला आणि विधिधराखाली पाठ देऊन राहिला.

"धरा! ओढा मला!" विधिधर किंचाळला.

नावाड्याने हात पुढे केला आणि तो थबकला. अगदी प्रामाणिकपणे त्याने विचारले, "पण अमात्य, आपल्या अंगाला हात लावायचा अधिकार कुणाला आहे?"

"सगळ्यांना! अरे, सगळ्यांना!"

तोवर शंखिलाने उडी मारली होती. त्याने आधी दातांनी आणि नखांनी गाठ सोडवून विधिधराला नावाड्याच्या हवाली केले. मग तो गाद्याकडे वळला. गादा थकून उथळ पाण्यात आला होता आणि त्याचे रक्त पसरत होते. शंखिलाने भाला उपटला, जखमेवर आपले उपरणे दाबले आणि कमरेइतक्या पाण्यात त्याला सांभाळून उभा राहिला. किनाऱ्यावर गर्दी जमली. राजाही आला.

त्याने गाद्याकडे पाहिले. मग विचारले, "शंखिला, त्या दिवशी मी समुद्रात काय करीत होतो?"

उत्तराची किंमत शंखिलाला माहीत होती. जीभ गेली तर घोषकाजवळ उरते काय? त्याच्या हाताखाली गाद्याची छाती वर-खाली होत होती.

"बुडत होता, महाराज."

"मोठ्याने सांग. लोकांना ऐकू गेले नाही."

"ऐका हो ऐका!" शंखिल गरजला. "महाराज बुडत होते! आम्ही सगळे बघत होतो! वाचवले ते या गाद्याने!"

कोणी हसले नाही. राजाने दागिने उतरवून पुळणीवर टाकले, तो पाण्यात शिरला आणि दोन्ही हात गाद्याच्या अंगाला लावून त्याला खोल पाण्याकडे ढकलू लागला. एकट्याने जमेना. "अरे, या की कुणीतरी!" तो ओरडला. कुवली साडी खोचून पुढे झाली, तिच्यामागे बायका आल्या. त्या गर्दीत राजाला किती जणांचे धक्के लागले, ते कोणी मोजले नाही. गादा ओहोटीबरोबर निघून गेला, वाचला, आणि तो कायदा त्याच दिवशी रद्द झाला.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात सांगितली, त्याला कारण घडले होते. वृद्ध स्थविर भद्रिल कमळाच्या तळ्यात घसरून पडले असता, धाकट्या भिक्षूने ज्येष्ठाला कुठे धरावे यावर काठावर चर्चा चालू राहिली. शेवटी भिक्षू सीहलाने त्यांना कान धरून बाहेर काढले होते, आणि स्थविर तेव्हापासून रुसून बसले होते.

शास्ता म्हणाले, "त्या वेळचा राजा पृथुसेन म्हणजे आजचे भद्रिल. अमात्य विधिधर म्हणजे ती चर्चा ज्यांनी सुरू केली ते कौशिल. घोषक शंखिल म्हणजे सीहल. गाद्यांचा नायक मीच होतो. भिक्षूंनो, वैऱ्यालाही पाठ देते ती मैत्री, तीच मैत्रीपारमिता, मैत्रीची परिपूर्णता."

कौशिलाने मान खाली घातली. स्थविर भद्रिलांनी लाल झालेला कान चोळला आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्याने, "साधु!" म्हटले.