राघोजीचा बाप

माझे नाव हणमंत सयाजी रणनवरे. वय अठ्ठ्याहत्तर वर्षे पूर्ण. शालेय शिक्षण सातवीपर्यंत. पुढील सर्व वाचन स्वतःचे स्वतः केलेले. मोडी लिपीही मी साठीनंतर, कोणाच्या दारी न जाता शिकलो. हे प्रारंभीच नमूद करतो, कारण पुढे सांगितलेल्या प्रसंगात मी अक्षर एकही चुकीचे वाचलेले नव्हते.

"महाराज, हे पान विश्वासार्ह नाही, एवढे आपण लिहून द्याल काय?"

गिरिमहाराज डोंगरावरच्या मठाच्या ओट्यावर कोवळे ऊन घेत बसले होते. आमच्या पंचक्रोशीत त्यांच्याइतके जुने कागद वाचलेला दुसरा मनुष्य नाही. रणनवरे घराण्याचा कुलवृत्तान्त मी सिद्ध केला होता. तो छापखान्यात जाण्यापूर्वी एका पानाविषयी त्यांचा अभिप्राय मला हवा होता.

त्यांनी पान हाती घेतले नाही.

"वाचा," म्हणाले.

मी वाचले. संस्थानच्या जुन्या दप्तरातील खानेसुमारीची ती नक्कल होती. एका ठरावीक रात्री ज्या घरी जी माणसे झोपली, ती त्या घराच्या नावे मांडलेली. आमच्या घरापुढे तीनच ओळी होत्या.

राघोजीचा बाप, वय चाळीस, कुटुंबप्रमुख.

राघोजी, वय चार, मुलगा.

भागीरथी, वय सव्वीस, नाते नाही.

राघोजी म्हणजे माझे आजोबा. त्यांचे वडील बहिर्जी. बहिर्जींच्या पत्नी उमाबाई, मोठ्या सरदार घराण्यातील कन्या. पितृपंधरवड्यात पणजी म्हणून मी बेचाळीस वर्षे त्यांच्याच नावाने पाणी सोडत आलो आहे.

"मग अडचण काय?"

अडचण समईची होती. उमाबाईंच्या स्मरणार्थ बहिर्जींनी ग्रामदैवताला एक समई दिली. तिच्या बैठकीवर उमाबाईंच्या मृत्यूचा शक कोरलेला आहे. तो या खानेसुमारीच्या सहा वर्षे आधीचा.

आणि मुलगा चार वर्षांचा.



"तेव्हा पानच चुकीचे असले पाहिजे," मी म्हणालो. "प्रमाण याच पानात आहे. ज्या कारकुनाला कुटुंबप्रमुखाचे नावसुद्धा लिहिता आले नाही, 'राघोजीचा बाप' असे खरडून जो मोकळा झाला, त्याने मुलाचे वय तरी नीट लिहिले असेल कशावरून? मी छत्तीस वर्षे टपाल खात्यात पत्रे वेगळी काढली, महाराज. माझ्या हातून एक पत्र चुकीच्या गावी गेलेले नाही. असला पत्ता माझ्यापुढे आला असता, तर मी तो परत पाठवला असता."

"आणि ही भागीरथी?"

"मोलकरीण असावी. कागदच सांगतो आहे, नाते नाही म्हणून."

"म्हणजे तेवढ्यापुरते पान खरे."

त्या पानावर जातीचाही रकाना होता. भागीरथीपुढे त्यात जे लिहिले होते, ते मी वाचून दाखवले नव्हते. त्यांनी ते विचारले नाही.

त्यांनी वेगळेच विचारले.

"कारकुनाशी बोलले कोण?"

"घरातलेच कोणीतरी."

"कोण?"

"ते कागदावर नाही."

"असं..."

एवढ्यात खालच्या वाडीतील तानूबाई दुधाची किटली घेऊन वर आल्या. सत्तरीच्या आसपासच्या, काटक बाई. मठाचे दूध रोज त्याच घालतात. महाराजांना दुरूनच हात जोडून त्यांनी, डोंगर दरसाल थोडाथोडा उंच होतो की काय, अशी चौकशी केली. महाराज म्हणाले, त्यांनाही तसाच संशय आहे.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हणमंतराव, पेन्सिल आहे ना तुमच्याकडे? आमच्या तानूबाईंचं घर मोजा. काल रात्री झोपलेली माणसं, तेवढीच."

मला हे पोरकट वाटले. तरीही मी वहीच्या कोऱ्या पानावर पट्टीने रकाने आखले. काम करायचे तर ते नीटच करावे, असा माझा दंडक आहे.

"कुटुंबप्रमुख कोण?"

"परमुख? मालक हाईत की."

"त्यांचे नाव?"

त्या हसल्या. पदर तोंडाशी गेला. "म्हादूचा बा."

"ते नाते झाले. मी नाव विचारले."

"समदी म्हादूचा बाच म्हंत्यात. नावच पायजे तर खाली पारावर बसल्यात, जाऊन इचारा तेन्ला. मी कुठनं घिऊ?"

मी दोनदा समजावून सांगितले. उपयोग झाला नाही. शेवटी नाइलाजाने त्या सांगत होत्या तेच लिहिले. दुसरा म्हादू, मुलगा. तिसऱ्या त्या स्वतः.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

त्या मोकळेपणाने सांगू लागल्या. पहिला नवरा पटकीच्या साथीत गेला. पदरात काही नव्हते. मग घरातल्या थोरल्यांनी पुढे होऊन ह्यांच्याशी पाट लावून दिला. त्यालाही आता पंचेचाळीस वर्षे झाली.

विधवेच्या पुनर्विवाहाला पाट म्हणतात, हे मला ठाऊक आहे. परंतु रकाना अरुंद होता आणि त्यात एकच शब्द बसणार होता.

"म्हणजे रीतसर लग्नाच्या नव्हे," मी म्हणालो. "मग नेमके काय लिहायचे?"

तानूबाईंचे हसू गेले. त्यांनी दूध मठाच्या पातेल्यात ओतले, किटली निथळू दिली, झाकण लावले.

"काय न्हाई म्हणून लिवा, पाव्हणं."

आणि त्या उतरू लागल्या.

मी तसे लिहिले. तारीख घातली. वही महाराजांपुढे धरली.

त्यांनी तेव्हा पहिल्यांदा माझी नक्कल उचलली आणि माझ्या वहीशेजारी ठेवली. वारा होता, म्हणून दोहोंवर एकेक खडा ठेवला.

म्हादूचा बा, कुटुंबप्रमुख.

म्हादू, मुलगा.

तानूबाई, काही नाही.

अक्षर माझे होते. वळणदार, एकाही खाडाखोडीवाचून...

माझी पत्नी चार वर्षांपूर्वी वारली. एकावन्न वर्षांच्या संसारात तिने माझे नाव कधी घेतले नाही. शिधापत्रिकेच्या वेळी कारकुनाने विचारले, तेव्हाही ती 'सुभाषचे वडील' एवढेच म्हणाली होती. मीच पुढे होऊन नाव सांगितले होते, आणि घरी येईपर्यंत तिच्यावर रागावलो होतो.

मी पुन्हा जुन्या पानाकडे पाहिले.

"कारकून आला तेव्हा बहिर्जी घरी असते," मी सावकाश म्हणालो, "तर त्यांनी स्वतःचे नाव सांगितले असते."

महाराज ऐकत होते.

"मूल चार वर्षांचे. ते कारकुनाला काय सांगणार..."

"हं."

"मोलकरणीने धन्याचे नाव घेतले असते. तिला कसला संकोच?"

तिसरी ओळ उन्हात होती. ती मी शंभर वेळा वाचलेली होती. सव्वीस वर्षांची एक बाई दारात उभी आहे, कडेवर किंवा पाठीशी मूल आहे, आणि तिच्या तोंडी एक नाव येत नाही, हे मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

"कारकून चुकला नव्हता," मी म्हणालो. "त्याने ऐकले तेच लिहिले."

मग मी विचारले.

"पण महाराज, मग 'नाते नाही' हेही तिनेच सांगितले. नाव घेतले नाही, आणि नातेही नाकारले. असे का केले असेल तिने?"

महाराज पायवाटेकडे पाहत होते. तानूबाई निम्मा डोंगर उतरल्या होत्या. किटली रिकामी होती, तरी त्या सावकाश चालत होत्या...

"विचारणारा तुमच्यासारखा असेल."

त्याच दिवशी मी वाडीत जाऊन तानूबाईंची क्षमा मागितली आणि त्यांच्यासमोर वहीतील तिसऱ्या ओळीतले 'काही नाही' खोडून 'पत्नी' असे लिहिले. पहिली ओळ तशीच ठेवली. कुलवृत्तान्त एक वर्ष उशिरा निघाला. त्यात खानेसुमारीचे ते पान जातीच्या रकान्यासह छापले आहे; तिघा चुलतभावांनी आपल्या प्रती परत पाठवल्या. पितृपंधरवड्यात मी उमाबाईंना पाणी सोडतो, आणि त्यानंतर भागीरथीबाईंना.