येसाईची फट

फार वर्षांपूर्वी, आपल्या पणज्यांच्याही आधी, निवळेवाडीत येसाई नावाची सुईण राहायची. वाडीतलं एकूण एक पोर तिच्याच हातावर आलं, असं म्हणतात.

एका साली पटकीची साथ आली. शेजारचं गाव ओस पडलं. वाडीनं घाबरून वेशीवर करवंदीच्या काट्यांचं पुरुषभर कुंपण रचलं. आत कुणी यायचं नाही, बाहेर कुणी जायचं नाही. आणि नेमकी तेव्हाच येसाईची लेक हौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

"आये, घ्यायला सांग गं मला आत!" कुंपणापलीकडून हाक यायची. येसाईनं खोतापुढं पदर पसरला.

"येसाई, तुझ्या एका लेकीपायी आमची सगळी घालवू?" खोत म्हणाला. लोकांनी येसाईलाच घरात कोंडून बाहेरून कडी घातली. हाक बारीक होत गेली. मग थांबली.

भर दुपारी, कुत्रंही सावलीतून हलेना अशा वेळी, कडी आपोआप निघाली, असं म्हणतात. येसाई धावत वेशीवर गेली, काट्यांवरून चढून पलीकडं उतरली. हौसा गार पडली होती. तिच्या उशाशी हिरव्या लुगड्यातली बाई बसलेली, केस मोकळे. एवढं रखरखीत ऊन, पण तिला सावली नव्हती. पटकीची देवी, मरीआईच ती.

"हिला मी शिवलेसुद्धा नाही," मरीआई म्हणाली. "गावानं मारली. येसा, तूच सांग, हे गाव ठेवण्याजोगं आहे का? नाही म्हण, दिवेलागणीच्या आत पुसून टाकते."

'नाही' येसाईच्या ओठावर आलंच होतं. तेवढ्यात तिला हौसाच्या हाताशी मडकं दिसलं, तळाला पेज राहिलेली. मागं कुंपणात एक फट, आणि फटीतल्या काट्यांवर वाळून काळं पडलेलं रक्त.

येसाईनं मडकं उचलून धरलं. "आई, कुणीतरी हिला पेज दिलीय गं."

"कुणी? तेवढ्याला ठेवते."

"काय ठाऊक! काटे रचणाऱ्यांतलंच कुणीतरी. उद्या कुणाच्या हाताला ही बुद्धी होईल, तेही ठाऊक नाही. म्हणून सगळ्यांनाच ठेव."

मरीआई उठली. "दरसाल येऊन काट्यांवर रक्त आहे का बघेन," एवढंच म्हणाली, आणि वावटळीत दिसेनाशी झाली.

अजूनही निवळेवाडीत कसलंही कुंपण घाला, हात जाईल एवढी फट ठेवतातच. चैत्रात भर दुपारी घरटी एक माणूस वेशीवरच्या काट्यांतून पेज पलीकडं सरकवतं. कुणाचा हात ओरबाडला, ते गावातल्या सगळ्यात चौकस बाईनंही विचारायचं नाही. पण ऊन कललं की सगळी वाडी वेशीवर जाते, काट्यांवर कुठं लाल दिसतंय का ते बघायला.