पाटील भुंकतो ते पेव

समोरच्या माळावर माणसं गोल करून उभी आहेत ना, त्यांच्या मधे तो फेटेवाला म्हातारा बघ. तो आमचा पाटील. आता तो गुडघे टेकील, खड्ड्यात तोंड घालील आणि तीनदा भुंकेल. आमच्या आडगव्हाणात वर्षातून एकदा पाटील भुंकतो आणि कुत्री गप्प बसतात.

पट्टा ओढू नकोस पाव्हण्या, गळा सोलून निघेल. तुझ्या मालकानं तुला या बाभळीला बांधलं आणि तो फोटो काढायला गेला, म्हणजे तासभर तरी तुझी सुटका नाही. मी इथला सगळ्यांत म्हातारा कुत्रा. आल्यागेल्याला ही हकिगत सांगायचं काम माझ्याकडे आहे, तेव्हा बस आणि ऐक.

तो खड्डा म्हणजे पेव. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र खोलीएवढं. पूर्वी गावाची ज्वारी त्यात भरत, वर दगडी झाकण ठेवत आणि झाकणावर माती लोटत. तुझा मालक मघाशी म्हणाला, शहरात मोबाइलच्या दुकानांचं नुसतं पेव फुटलंय. शब्द रोज तोंडात आहे, पण पेव त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं. माणसं अशीच, वस्तू गेली तरी शब्द चघळत बसतात. आपण हाडाचं तेच करतो, म्हणून मी त्यांना फार नावं ठेवत नाही.

तर असं सांगतात, की खूप वर्षांपूर्वी या गावात सटवा नावाचा माणूस होता. पेवात उतरून दाणे सारखे करायचं काम त्याचं. त्याची कुत्री भुंडी, आमची मूळ आजी. शेपूट अर्धंच होतं, पण तोंड दोघींचं होतं म्हणे. त्या दिवशी सटवा पेवात उतरला आणि ही वरून सारखी भुंकू लागली. त्याचं डोकं उठलं. तो खालून ओरडला, "गप, भुंडे! म्या बोल म्हनंस्तवर गप!"

भुंडी गप्प बसली. आणि तेवढ्यात शिंग वाजलं. लुटारूंची घोडी नदी उतरत होती.

मग जी धावपळ झाली तीत गावानं एक चूक केली. रायाजी पाटलानं स्वतःच्या हातानं पेवावर झाकण सरकवलं, लोकांनी माती लोटली, वरून नांगर फिरवला आणि सगळे डोंगरावर पळाले. सटवा वर आला असेल, असं प्रत्येकाला वाटलं. खाली वाकून हाक मात्र कुणीच मारली नाही.

डोंगरावर पोचल्यावर सटवाची बायको येसाबाई नवऱ्याला शोधू लागली. कुणी म्हणालं, मागून येतोय. कुणी म्हणालं, पलीकडच्या खिंडीत असेल. तिनं कड्यावरून खाली पाहिलं. माळावर लुटारूंचे तंबू पडले होते आणि तंबूंच्या मधे, नांगरलेल्या मातीवर, भुंडी पडून होती. येसाबाईला कळलं. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या पाटलालाही कळलं.

"आत्ता पेव उघडलं तर समदी ज्वारी जाईल, येसा," पाटील म्हणाला. "दोनशे तोंडं उपाशी मरतील."

"आन् न्हाई उघडलं तर येकच मरंल," येसाबाई म्हणाली. "त्ये माझं हाय."

पाटील तिथंच कड्यावर बसला. दोन दिवस तो त्या कड्यावरून हलला नाही आणि त्यानं घोटभर पाणीही घेतलं नाही. दोनशे माणसं वर अडकली होती, एक खाली, आणि भुंडी एका शब्दात अडकली होती. त्यांतलं सगळ्यांत कठीण कुणाचं, ते तुला कुत्रा म्हणून मी सांगायला नको. घोडी नाकासमोरून जातायत, परकी माणसं लाथ मारतायत, आणि भुंकायचं नाही! मला तर नुसत्या विचारानं खाज सुटते.

तिनं एवढंच केलं. झाकणाच्या कडेची माती नखांनी उकरून बोटभर भोक पाडलं आणि त्यावर नाक ठेवून पडून राहिली. माणसं म्हणतात, धन्याला वारा मिळावा म्हणून. आमच्यात म्हणतात, सटवाच्या कनवटीला भाकरी आणि सुकट होती आणि त्यातली अर्धी भाकरी हिच्या हक्काची होती. दोन्ही खरं असावं. खाली सटवा घोड्यांच्या टापा ऐकत होता. ओरडला असता तर बाहेर निघाला असता, पण ज्वारी गेली असती. म्हणून तोही गप्प राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी लुटारू हात हलवत गेले. गाव धावत खाली आलं, भुंडीला बाजूला करून झाकण काढलं आणि हाका मारू लागलं. आतून उत्तर नाही. पेवात शिरलेला आवाज घुमून घुमून कुणाचाच राहत नाही. वरची माणसं आपली की लुटारू, हे सटवाला कळेना. तो गळ्यापर्यंत दाण्यांत दडून बसला. वरच्यांना वाटलं, आटोपलं. लगेच उतरायचं तर पेवातली कोंदलेली हवा माणूस मारते. जिवंत असेल तर उतरू, नसेल तर आणखी एक जीव कशाला घालवायचा, असं म्हणत सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"भुंडीला भुंकू द्या," येसाबाई म्हणाली. "तिचा आवाज त्ये वळखतील."

पण भुंडी भुंकेना. कुणी चुचकारलं, कुणी दगड उचलला. तिला गप्प बसायला सांगितलं होतं आणि सांगणारा खाली होता.

तेव्हा रायाजी पाटलानं फेटा उतरवून बाजूला ठेवला. माणसं सांगतात, तो नवस बोलला. आमच्यात सांगतात, दोन दिवसांच्या उपाशी माणसाचे पाय आपोआप गेले. तो साऱ्या गावासमोर चार पायांवर आला, पेवात तोंड घातलं आणि रडत रडत भुंकला. एकदा. दोनदा. तीनदा.

आणि आतून हसू आलं. खोकल्यासारखं, बारीक, पण हसूच. इतकं वाईट भुंकणारं कुत्रं सटवानं जन्मात ऐकलं नव्हतं, आणि कुणाच्या जिवासाठी असं भुंकणारा लुटारू असू शकत नाही, हे त्याला कळलं होतं. दोर सोडून त्याला वर काढला. त्याच्यानं उभं राहवत नव्हतं. भुंडी त्याच्या तोंडाकडे बघत बसली होती. तो म्हणाला, "बोल आता." ती दिवस मावळेपर्यंत बोलत होती आणि त्या दिवशी तिला कुणी हाकललं नाही.

आता ज्वारी पोत्यांत असते. तरी गाव हे एक पेव दरसाल भरतं आणि झाकण ठेवण्याआधी पाटील भुंकतो. सध्याचा पाटील निवृत्त मास्तर आहे, गुडघे दुखतात, पण खुर्ची देऊ केली तर रागावतो.

झालं बघ, तिसऱ्यांदा भुंकला. तुझा मालक पोट धरून हसतोय. हसू दे, नवा आहे. तू गावाकडे बघ. आजही या वेळी आडगव्हाणातलं कुणी हसत नाही. सगळे वाकून पेवाला कान देतात. आतून कुणी हसत नाही अशी खात्री झाली, की मगच झाकण ठेवतात.