कुंभारणीचं घर

सोमवार, सकाळचे अकरा. विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात समितीची बैठक भरली होती आणि विषय एकच होता: मुदत संपली म्हणून रेवती तांडेलची पीएच.डी.ची नोंदणी रद्द करायची. तिची सहा वर्षं त्या एका ठरावानं पाण्यात जाणार होती.

तिचे मार्गदर्शक डॉ. खासनीस खुर्चीत रेलून म्हणाले, "प्रबंध मी तीनदा वाचला. गेल्या आठवड्यात पुन्हा वाचला. दम नाही हो त्यात."

"मॅडम, सरांकडची प्रत मागवता का?" रेवतीनं अध्यक्षांना विचारलं.

शिपाई गावडेमामांनी सरांच्या कपाटावरून गठ्ठा आणला. दोन वर्षांपूर्वी रेवतीनंच बांधलेल्या दोऱ्याच्या गाठीवर कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं.

"काल-परवा केलं असेल!" खासनीस गुरगुरले.

"काल-परवाचं असतं तर आत अळ्या सापडल्या असत्या, सर. याला भोकं पडलीत. म्हणजे पिल्लं वाढून उडून गेली, आणि त्याला काही आठवडे लागतात. घर फोडल्याशिवाय गाठ तर सुटतच नाही." मग ती अध्यक्षांकडे वळली. "मॅडम, सरांकडे राहून वेळेत बाहेर पडली ती एवढी पिल्लंच."

गावडेमामा मान खाली घालून हसले. प्रबंध त्याच दिवशी बाहेरच्या परीक्षकांकडे गेला आणि पाच महिन्यांत रेवती डॉक्टर झाली.

त्या कपाटावर आणखी चार गठ्ठे होते. त्यांच्याही गाठी सुटलेल्या नव्हत्या. ते कुणाचे, हे विद्यापीठानं अजून सांगितलेलं नाही.